दारी आलेलं जनावर

खोगीरकाकू चिडल्या की सगळ्या आळीला ऐकू जायचं. दूधवाल्यानं मापात मारलं, कुणी नवंकोरं खोगीर उन्हात टाकलं, कुणाच्या कोंबड्या कातड्यावर नाचल्या, की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. गावाला त्याची सवय होती, त्यामुळे कुणी मनावर घेत नसे. पण ज्या दिवशी त्या धाकट्या दिरावर खरोखर संतापल्या, त्या दिवसापासून त्याच्याशी गोड बोलू लागल्या. तेवढ्यावरून एखाद्या शहाण्यानं सावध व्हायला हवं होतं. दीर झाला नाही. गोड बोलणं हा त्याचाच धंदा, त्यामुळे दुसऱ्याच्या गोड बोलण्यात काही काळंबेरं असेल असं त्याला वाटायचंच नाही.

त्याची गावाच्या कडेला घोडेस्वारीची शाळा होती. सुट्टीच्या दिवशी शहरातली घोडेवेडी मंडळी यायची. दीर त्यांना गरीब स्वभावाच्या घोड्यांवर बसवायचा, स्वतः आपल्या लाडक्या तांबड्यावर बसायचा आणि सगळी वरात गावातून फिरवत सांगायचा, की घोड्यावर जीव असलेल्या माणसानं राहावं तर इथंच. आणि खरं सांगायचं तर त्यात खोटं काही नव्हतं. काकूंना झोंबायचं ते हेच.

गाव होतंच तसं. रस्त्याच्या कडेला फरशी, पण मधला पट्टा मुद्दाम मातीचा ठेवलेला, खुरांना त्रास नको म्हणून. फाटकांच्या कड्या स्वाराच्या हाताच्या उंचीवर, खाली उतरायची गरज नाही. बुटक्या माणसांची त्यात गैरसोय व्हायची, पण बुटक्यांचं कोण ऐकतो? वाण्याच्या दुकानाला एक खिडकी उंचावर होती, तिथून घोड्यावर बसल्या बसल्या साबण घ्या नाहीतर दिव्याच्या वाती. दवाखान्याबाहेर गाड्यांना जागा नव्हती, पण घोडे बांधायला लांबलचक दांडी होती. प्रत्येक वळणावर पाण्याची दगडी कुंडी, आणि ज्याचं घर जवळ त्यानं ती भरायची. नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण चाललेलं असलं तरी आधी कुंडी भरली जायची.

आणि ह्या सगळ्याहून मोठी होती ती दारी येण्याची रीत. गावात फाटकाला कुलूप नसायचं. एखादं जनावर आपल्या पायांनी दुसऱ्याच्या अंगणात शिरलं, तर त्याला ओढून न्यायचं नाही. मालकानं पायी यायचं, हातात चाबूक-काठी नको, आणि घरधन्याकडे जनावर मागायचं. घरधन्यानं एक प्रश्न विचारायचा, फक्त एक, पण मनाला येईल तो. मालकानं जनावराच्या मानेवर हात ठेवून खरं उत्तर द्यायचं. मग हाक मारायची. जनावर मागं गेलं तर गेलं. नाही गेलं, तर मालकाला पुन्हा हाक मारायचा हक्क नाही. जनावराला स्वतःहून जावंसं वाटेपर्यंत ते त्याच अंगणात राहायचं. त्यामुळे घरात जनावराला मारझोड करणाऱ्याचं बिंग कधी ना कधी फुटायचंच. शेजारी एकमेकांच्या सुनांबद्दल गप्प बसत, पण घोड्याबद्दल गप्प बसायची सोय नव्हती. त्या मानेवर हात ठेवून आजवर कुणी खोटं बोललेलं नव्हतं.

काकूंचं घर रस्त्याला लागून होतं. पुढची खोली म्हणजेच कारखाना. भिंतीवर लगाम आणि पट्टे टांगलेले, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं, मधोमध खोगीर चढवून बघायचा लाकडी घोडा, आणि सगळ्यावर कमावलेल्या कातड्याचा वास. गिऱ्हाईक आलं की काकू आधी घोड्याच्या पाठीवरून हात फिरवायच्या. माणसाकडे बघायच्याच नाहीत. "तुम्ही कसेही बसाल हो," म्हणायच्या, "बोचेल त्याला बोलता येत नाही."

त्यांचीही एक घोडी होती, चांदणी. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदणी. तिची आई तिला जन्म देतानाच गेली आणि काकूंनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. काकूंची मुलगी तिच्या पाठीवर बसायला शिकली, लग्न होऊन लांब गेली. चांदणी म्हातारी झाली, पाठ खोलगट झाली, तरी सकाळी कारखान्याच्या खिडकीतून डोकं आत घालून काकूंच्या खांद्यावर नाक टेकवल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. काकू "हट मेले" म्हणत, आणि खांदा तसाच ठेवत.

मग काकूंचा नवरा आजारी पडला. शहरातल्या इस्पितळात त्याच्या उशाशी बसायला काकूंशिवाय दुसरं कोण होतं? चांदणीला त्यांनी दिराच्या हवाली केलं. "वहिनी, तुम्ही दादाकडे बघा. चांदणीची काळजी माझ्यावर सोडा," असं तो म्हणाला, आणि म्हणताना त्याचे डोळे पाणावलेले होते. त्याचे डोळे फार लवकर पाणावायचे.

काकू परत आल्या त्या नवऱ्याशिवाय. घरात पाऊल टाकलं तर खिडकीतून डोकं आत आलं नाही. दिरानं सांगितलं, पोट फुगलं, रात्रभर लोळली, पहाटे गेली. कुरणाच्या टोकाला मातीचा उंचवटा होता तो त्यानं दाखवला. काकूंनी त्या उंचवट्यावर फुलझाडं लावली. कमरेवर कळशी घेऊन त्या रोज तिथं जायच्या, पाणी घालायच्या, नवऱ्याबद्दल जे कुणाशी बोलवत नव्हतं ते तिथं बसून बोलायच्या. झाडं छान फोफावली. दीर येता-जाता म्हणायचा, "वहिनी, फुलं काय सुरेख आलीत."

एका दुपारी बाहेरगावचा एक गाडीवान एक म्होरकी दुरुस्तीला घेऊन आला. नाकावरचा पट्टा उसवला होता. काकूंनी तो हातात घेतला आणि उलटून पाहिला. पट्ट्याच्या आत करड्या कापडाची घडी शिवलेली होती. नवऱ्याच्या जुन्या कोटाचं अस्तर. चांदणीच्या नाकाला कातडं घासायचं म्हणून त्यांनीच ते शिवलं होतं, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या टाक्यानं.

"ही कुठं मिळाली?" त्यांनी विचारलं.

"बाजारात, एका दलालाकडे," गाडीवान म्हणाला. "एका म्हाताऱ्या घोडीच्या तोंडावर होती. घोडीला गिऱ्हाईक वेगळं, म्होरकी मी घेतली. कातडं झकास आहे, बघा ना."

"झकास आहे," काकू म्हणाल्या. पट्टा शिवून दिला, गाडीवानाला पाणी दिलं, तो वळणावरून दिसेनासा झाला तशा उठल्या आणि कुरणाच्या टोकाला गेल्या. फुलझाडं मुळासकट उपटली. फावड्यानं खणत गेल्या. खाली नुसती माती होती.

त्या दिवशीच दिराच्या दारात जाऊन त्याची कॉलर धरता आली असती. काकूंच्या मनात तेच होतं. फाटकापर्यंत गेल्याही. पण त्यांना दीर ठाऊक होता. तो रडला असता. शाळा नवी होती, चारा पुरत नव्हता, दादा आजारी, माझी मती फिरली, वहिनी तुम्ही आईच्या जागी, असं काही काही बोलला असता. बोलण्यात त्याचा हात धरणारा गावात नव्हता. चार बायका मध्ये पडल्या असत्या, "जाऊ द्या हो, घरचाच माणूस आहे" म्हणाल्या असत्या, आणि चहाच्या कपावर चांदणीचा निकाल लागला असता. काकूंना ते नको होतं. त्यांना हवं होतं की त्यानं तोंडानं सांगावं, गावासमोर, जिथं बोलण्याची मखलाशी चालत नाही अशा जागी. अशी जागा गावात एकच होती, कुणाचंही अंगण. त्यासाठी तांबड्यानं आपल्या पायांनी काकूंच्या अंगणात यायला हवं होतं. काकू मागं फिरल्या आणि दिराला संशय नको म्हणून फुलझाडं होती तशी परत लावून टाकली.

संध्याकाळी दिराचे घोडे काकूंच्या घरामागच्या कुरणात चरायला सुटायचे. काकू ओच्यात गाजराचे तुकडे घेऊन जायच्या. हातात लाकडी मोगरी, कातडं ठोकायची. कुंपणाच्या खांबावर मोगरी ठोकायच्या, ठक ठक, आणि तांबड्याच्या तोंडापुढे गाजर धरायच्या. आधी तो बिचकला. मग मान वळवू लागला. मग आवाज आला की दुडक्या चालीनं येऊ लागला. तांबडा देखणा होता, मऊ ओठांचा, आणि काकूंना त्याचा लळा लागू नये म्हणून फार नेट लावावा लागायचा. "तुझं काही नाही रे," त्या त्याला सांगायच्या, "तुझ्या मालकाचा हिशेब आहे." तांबडा गाजर खायचा.

दिवसा त्या दिराशी गोड बोलायच्या. "भाऊजी, दमलात हो. भाऊजी, जरा सावलीत या." त्याच्या रिकिबीचे पट्टे त्यांनी फुकट शिवून दिले. रात्री अंथरुणावर पडून त्या ठरवायच्या, प्रश्न कोणता विचारायचा. एकच मिळणार होता, तो वाया घालवायचा नव्हता. पालटून पालटून शेवटी त्यांनी अगदी साधा प्रश्न निवडला.

सुट्टीचा दिवस उजाडला. शहरची मंडळी आली, नव्या बुटांची, नव्या टोप्यांची. दिरानं त्यांना वाण्याची उंच खिडकी दाखवली, पाण्याच्या कुंड्या दाखवल्या. काकूंच्या घरासमोर आला आणि त्यानं तांबड्याला थांबवलं, कारण दारी येण्याची रीत सांगायला त्याला हीच जागा आवडायची.

"मंडळी, इथं फाटकाला कुलूप नाही," त्यानं हात पसरून सांगितलं. "जनावर दुखावलं तर त्यानं शेजारी जावं, आणि माणसानं मान खाली घालून उत्तर द्यावं. मला सांगा, आहे असं न्यायालय तुमच्या शहरात?"

अंगणात काकू काम करत होत्या. लाकडी घोडा त्यांनी सकाळीच बाहेर आणून ठेवला होता. त्यांनी मोगरी उचलली. ठक ठक.

तांबड्यानं कान टवकारले. दीर बोलतच होता. तांबडा वळला, छातीनं फाटक ढकललं आणि सरळ अंगणात आला. दिरानं लगाम ओढला, टाच मारली, पण तोवर उंबरा ओलांडून झाला होता. त्यालाही रीत माहीत होती. तो खाली उतरला, बाहेर गेला, चाबूक फाटकाला टांगला आणि पायी परत आला. चेहऱ्यावर हसू होतं, पण कसनुसं. शहरची मंडळी खूश झाली, त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. गावातली माणसं मात्र हातातली कामं टाकून फाटकाशी जमली.

"वहिनी," दीर म्हणाला, "तुमच्या दारी आलेलं माझं जनावर देता का?"

"देईन की, भाऊजी," काकू म्हणाल्या. "मानेवर हात ठेवा."

त्यानं ठेवला.

"माझी चांदणी कशानं मेली?"

दिराच्या ओठांवरचं हसू तिथंच वाळलं. तो काकूंकडे बघत राहिला, मग फाटकाशी उभ्या असलेल्या माणसांकडे, मग हाताखालच्या तांबड्या मानेकडे. त्याला खोटं बोलता आलं असतं. काकू मनातल्या मनात म्हणत होत्या, बोल, बोल खोटं, म्हणजे जन्मातून उठशील.

"मेली नाही," तो म्हणाला. "मी विकली, वहिनी. दादा इस्पितळात असताना. दलालाला. खड्डा मी रिकामाच बुजवला."

वाण्याची बायको "अगं बाई" म्हणाली. शहरातल्या एका बाईंनी शेजारच्याला हळूच विचारलं, "हे खरं चाललंय का?"

"आता हाक मारा," काकू म्हणाल्या.

दिरानं जीभ टाळूला लावून आवाज केला. रोज पहाटे तो तसाच बोलवायचा. तांबड्यानं त्याच्याकडे बघितलं, एक पाऊलही टाकलं, मग वळला आणि काकूंच्या ओच्यात नाक खुपसलं. गावाच्या दृष्टीनं निकाल लागला होता. दीर पायी परत गेला. त्याच्यामागे शहरची मंडळी, आणि गरीब घोडे, एकामागोमाग एक.

काकूंना त्या रात्री भूक लागली. किती दिवसांनी पोटभर जेवल्या, गाढ झोपल्या.

पुढचे दिवस त्यांनी चवीनं घालवले. शाळेत कुणी येईना. दीर मात्र रोज सकाळी फाटकाबाहेर येऊन उभा राहायचा. हाक मारायचा हक्क नव्हता, आत यायचं धाडस नव्हतं. तांबडा अंगणात बांधलेला नव्हता, पण काकूंचा ओचा रिकामा नसायचा. काकू खिडकीशी बसून टाके घालायच्या आणि त्याला दिसेल असं तांबड्याला खरारा करायच्या. दिराची दाढी वाढली. एकदा तो म्हणाला, "वहिनी, फक्त एकदा हात लावू द्या."

काकूंनी आयुष्यभर त्याला अहो-जाहो केलं होतं. आता त्यांनी मान वर न करता विचारलं, "माझी कुठं आहे?"

"मला माहीत नाही हो."

"मग माहीत करून घे. सांग, आणि लाव हात."

दुसऱ्या दिवशी तो फाटकाशी आला नाही. शाळेचे घोडे शेजाऱ्यावर सोपवून गेला, असं कळलं. काकूंना वाटलं, पळाला. त्यांना थोडी निराशाच झाली, कारण खिडकीतून बघायला काही उरलं नाही.

तो आला तेव्हा ओळखू येईना. चपलेला दोरी बांधलेली, कपडे विटेच्या धुळीनं लाल. फाटकाबाहेर थांबला. काकू हातातल्या कातडं टोचायच्या आरीसकट बाहेर आल्या.

"सापडली?"

"जागा सापडली," तो म्हणाला. "वीटभट्टी आहे. तिथं गाडा ओढायची. गेल्या थंडीत गेली."

काकूंना हे अपेक्षितच होतं. म्हातारी घोडी, किती जगणार? तरी त्यांनी फाटकाचा खांब धरला.

"आणखी एक आहे," दीर म्हणाला. "ते सांगू की नको, हाच विचार करत सगळी वाट चाललो."

"सांग."

"भट्टीवाला म्हणाला, घोडी कामाला वाईट नव्हती, पण एक खोड होती. दावं सैल मिळालं की निघायची. लांब पळायची नाही. जवळ वस्ती आहे, तिथं कुणाच्याही अंगणात शिरायची आणि उभी राहायची. कुणाच्या भाजीला तोंड लावायची नाही, पाणी मागायची नाही. नुसती दाराकडे बघत उभी. लोक हाकलायचे. मग भट्टीवाला काठी घेऊन यायचा आणि मारत घेऊन जायचा. चार दिवसांनी दुसऱ्या अंगणात. तो हसत होता वहिनी, सांगताना. म्हणाला, येडी होती."

काकूंनी वर्षभर शिव्या जमवून ठेवल्या होत्या, एकाहून एक जहाल. त्यातली एकही वर आली नाही. चांदणी पळून जात नव्हती. ती गावात शिकली तेच करत होती. दारी गेली की घरधनी बाहेर येतो, मालकाला विचारतो. ती तो प्रश्न ऐकायला उभी राहायची. आणि त्या दारांमध्ये कुणालाच तो विचारायचा असतो हे ठाऊक नव्हतं.

काकू रडल्या. दिरासमोर रडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, ते राहून गेलं. तोही रडत होता, आणि त्याचं रडणं खरं होतं, आणि ते खरं असल्याचा काकूंना इतका राग आला की आरी त्याच्या खांद्यात खुपसावी.

"गाजराचं मला माहीत होतं," तो म्हणाला. "मोगरीचा आवाज आला की तांबडा कान टवकारायचा. तुम्ही त्याचे लाड करता एवढंच वाटलं. त्या दिवशी अंगणात शिरला तेव्हा काय ते उमगलं."

"मग बोलला का नाहीस? ओरडायचं होतंस, की म्हातारीनं घोडा फितवला."

"प्रश्न तर खरा होता."

आपण त्याला कोंडीत पकडलं, तेवढंही समाधान त्यानं राहू दिलं नाही. काकूंनी पदरानं तोंड पुसलं.

"वस्तीतली ती घरं ठाऊक आहेत तुला?"

"भट्टीवाल्यानं दाखवली."

"सगळी?"

"सगळी."

"उद्या सकाळी निघायचं," काकू म्हणाल्या. "एकेका अंगणात जायचं. तिथं कुणी विचारलं नाही ना? मी विचारीन. घोडी कोणाची, आणि ती इथं का आली. तू तांबड्याच्या मानेवर हात ठेवायचास आणि त्या घरच्या माणसांसमोर उत्तर द्यायचंस. प्रत्येक दारात, पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"आणि मग?"

"मग काही नाही. माफ केलं म्हणून तुला कुणी सांगितलं?"

सकाळी त्यांनी तांबड्यावर स्वतःच्या हातचं खोगीर चढवलं आणि त्या वर बसल्या. दीर फाटकाशी हजर होता. त्यानं दुसरा घोडा आणला नव्हता, आणि आणला असता तर काकूंनी परत पाठवला असता. वाट लांबची होती, चपलेची दोरी पहिल्या टेकडीलाच सुटली. तो पाय दुखतात म्हणाला नाही, आणि काकूंनी विचारलं नाही.